मशीनची ओटी

गोधडी रिकामी. मी ती उचलून झटकली, जसं काय लेकरू घडीत सापडंल, आन् समोर मशीनच्या गोल काचेआड पाणी लाल झालेलं. गुलाबी बिलाबी न्हाय. लाल. त्या लाल पाण्यात पांढऱ्या चादरी वर जायल्यात, खाली पडायल्यात, वर जायल्यात, खाली पडायल्यात, आन् माझी सुमी कुटंच न्हाय.

"सुमे! ए सुमे!"

दीड वर्साचं लेकरू. मशीनचं दार उघडं दिसलं की आत चढून बसायची आन् मला 'भो' करायची. मीच हसायची. त्या दिवशी वरनं बाई हाका मारत हुत्या, एक बाळंतीण अडलेली, कापडं पायजे हुती, म्हणून मी चादरींचा ढीग कवेत धरधरून आत कोंबला, आत बघितलं न्हाय. ढिगाच्या शेजारीच सुमी निजलेली. दार लावलं, बटण फिरवलं आन् जिन्यानं वर पळाले. धा मिनिटांनी खाली आले तर हे.

दार ओढलं. उघडंना. बटण बंद केलं, चादरी थांबल्या, तरी दार उघडंना. काचेला नाक लावून बघितलं तर आतनं तळहाताएवढं पांढरं काहीतरी येऊन काचेला चिकटलं. चादरीचं टोक हुतं ते. पण त्या घडीला मला ते टोक वाटलं न्हाय.

पुढचं सांगते. पण हे मशीन काय हुतं ते कळल्याबिगर माझी चूक तुमाला कळायची न्हाय. वाचनालयाच्या गुरुजींनी दिवाळी अंकाला कामावरचं लिहून मागितलं. म्हणलं, मी चौथी शिकलेली, मला काय लिहाय येतंय? तर म्हणले, बोलतीस तसं लिही. म्हणून ही बोलीच हाय, शुद्ध बिद्ध बघू नका.

सोलापूरला शुक्रवार पेठेत डॉक्टरीणबाईंचा बाळंतपणाचा दवाखाना. वर आठ खाटा, खाली मोरीची मोठी खोली. मी धुण्याला लागले तवा सुमी पोटात हुती. मालक भिवंडीला मागावर गेले ते तिकडचेच झाले, पत्र न्हाय, निरोप न्हाय. सासरच्यांनी म्हणलं, तुझं तू बघ. सुमी झाली ती बाईंच्याच हातावर. सव्वा महिन्यानं बाई म्हणल्या, "शांता, खालच्या खोलीत राहा, लेकराला जवळ ठेव. पण एक सांगते, लेकरामुळं कामात घोटाळा झाला तर मी ठेवून घेणार नाही." विड्या वळायचं काम घरात लेकरू घेऊन करता येतं, आमच्या गल्लीत निम्म्या बाया करतात. पण त्याला घर लागतंय. माझं घर म्हंजे ती धुण्याची खोलीच.

बाळंतिणीची कापडं कुणी धुवायला तयार नसतं, हे बायकांना सांगाय नको. परीट डॉक्टरांचे कोट न्यायचा, ती कापडं म्हणलं की सायकलवर टांग. माझ्या आधी एक म्हातारी धुवायची, ती वारली, आन् मग मी. गल्लीतल्या नळावर माझी कळशी बाजूला ठेवायच्या बाया. आन् रोजच्या चादरी किती? हाताची सालं निघायची. बाईंनी ते बघितलं असंल. एक दिवस हातगाड्यावर चार हमाल ते धूड घेऊन आले.

एका मिलच्या गोऱ्या सायबाच्या बंगल्यावर हुतं म्हणं. सायब गेला, मशीन गोदामात पोत्याखाली पडलं, वीस-बावीस वर्सं. भंगारात काढलं तवा बाईंनी उचललं. पुढं गोल काच, वर एक मोठं बटण, अंगावरचा पांढरा रंग उडून आतलं लोखंड दिसायलेलं, आन् पोटात उंदराचं बिऱ्हाड. मी म्हणलं, बाई, ह्यात काय धुवायचं, हेच आधी धुवाय पायजे.

ते जितं केलं नरसय्यामामांनी. मिलमधनं रिटायर झालेला फिटर. घरात तेलुगू, कामावर मराठी, चिडला की दोन्ही एकदम. पयल्या दिवशी त्यांनी मशीनचा पाठीमागचा पत्रा काढला, आत डोकं घातलं आन् तासभर बाहेरच काढलं न्हाय. मग म्हणले, "अम्मा, हिला मारलेलं न्हाय. हिला नुसतं इसरलेत."

तीन महिने गेले. पट्टा कुजलेला, तो मिलच्या पट्ट्यातनं कापून शिवला. दाराभवती रबराची घडी असती, पाणी बाहेर येऊ नये म्हणून, ती फाटून लोंबायलेली. ट्रकच्या ट्यूबमधनं नवीन कापली, तीनदा चुकली, चौथ्यांदा बसली. समद्यात मोठं काम मशीनच्या डोक्याचं. बटणामागं घड्याळासारखी दात्यांची चाकं असतात. एका चाकाचे तीन दाते गेलेले. मामा पितळेचा तुकडा घेऊन बसले, डोळ्याला भिंग, हातात कानस, आठ दिवस ते तीन दाते घासायले. मला दाखवून म्हणले, "पाणी कवा घ्यायचं, कवा तापवायचं, कवा फिरायचं, कवा सोडायचं, समदं ह्ये चाक ठरवतंय. मी न्हाय, तू न्हाय, डॉक्टरीण बी न्हाय."

पयल्यांदा चालू केलं तवा ते खोलीभर चालाय लागलं. खोटं सांगत न्हाय. कापडं पिळायच्या वेळी असं थरथरलं की भिंतीपासनं निघून दाराकडं यायलं, आन् मामा म्होरनं दोन्ही हातांनी ढकलायलेत, "आगु! आगु! अगं थांब की!" मी सुमीला घेऊन टेबलावर चढलेली. मग जमीन फोडून चार बोल्ट गाडले आन् ते घट्ट करायचा हातभर लोखंडी पाना मशीनच्या बाजूलाच टांगून ठेवला. आठवड्याला पिळत जा म्हणले.

सोलापूरच्या पाण्याला विलायती मशीनला काय उत्तर देता येईना. नळ सकाळी तासभर, त्यात धार करंगळीएवढी. ते आपोआप पाणी घेणारं, पण पाणीच न्हाय आलं तर गुमान उभं राहायचं, रुसल्यावानी. म्हणून गच्चीवर पिंप बसवलं, तितनं पाइप खाली आणला. आन् पाणी असं जड की आतल्या तापायच्या नळीवर महिन्यात चुन्याचा थर. त्याला चिंचेचं पाणी घालून मशीन रिकामंच चालवायचं. हे मी शोधलं. तांब्याचं भांडं चिंचेनं निघतंय तर तांब्याची नळी का निघू नये? मामांनी नळी बघितली आन् म्हणले, "कुणी शिकवलं?" एवढंच. पण त्या दिवसापासनं मला हत्यारांना हात लावू द्यायले.

लोकं म्हणायची, शांतीचं काय, बटण फिरवती आन् बसती. या की बसायला. रक्ताचं कापड आधी गार पाण्यात मीठ टाकून भिजवावं लागतं, गरम लागलं की डाग बसला म्हणून समजा, मग मशीन नव्हं ब्रह्मदेव आला तरी निघत न्हाय. मग वेगळं काढायचं, खिसे चाचपायचे, सेफ्टी पिना काढायच्या. सोडा किती, साबणाचा चुरा किती, हे हाताला कळाय पायजे. एकदा मला कळलं न्हाय. फेस दाराच्या फटीतनं निघाला, मी घाबरून दार उघडलं आन् खोलीत गुडघाभर फेस, सुमी त्यात टाळ्या वाजवायलेली. तवा मामांनी दाराला ती कडी बसवली. आत पाणी असलं की कडी पडलेली राहती, तुमी कितीबी ओढा. मला शिकवलं, "लईच नड आली तर बाजूची ही रबरी नळी हुकातनं काढ, जमिनीवर टाक. पाणी आपोआप निघून जाईल. चार-पाच मिनिटं. मग कडी आपोआप सुटंल." दोनदा माझ्याकडनं करून घेतलं.

बघायला लोकं यायची. एका बाळंतिणीची सासू नातवाचं पयलं झबलं मशीनला देईना, म्हणाली गिळंल ते. पंचाहत्तरीचे एक विणकर आजोबा काचेसमोर पाट घेऊन अख्खी धुण्याची खेप बघत बसले, उठताना म्हणले, "मागासारखंच हाय. फक्त कापड नवं व्हायच्या ऐवजी मळाखालचं सापडतंय." आन् त्याच नळावरच्या बाया, माझी कळशी सरकवणाऱ्या, त्यातली एक दुपारी गुपचूप इरकली लुगडं घेऊन आली, माझं तेवढं फिरवून दे की गं. मी म्हणलं, वहिनी, ह्यात बाळंतिणीची कापडं धुत्यात. तर म्हणाली, मशीन धुतंय न्हवं, तू कुटं धुतीस? मी लुगडं घेतलं न्हाय. इरकलीचा रंग जातो म्हणून न्हाय घेतलं, असं तिला सांगितलं.

मामांना बार्शीचे वेध लागले हुते. तितल्या एका डॉक्टरांकडं असंच मशीन पडून हाय, हे बाईंना कळलेलं, बाई म्हणल्या मी तुमचं नाव लिहून कळवते. मामा लई खुश. "हिची भन हाय तितं," म्हणायचे, आन् पितळेचे तुकडे आधीच गोळा करायले.

मग खंडेनवमी आली. मिलमध्ये, मागावर, रिक्षाला, शिवणयंत्राला, समद्यांना हार. मी इचारलं, मामा, हिची पूजा करू का?

"कर. बाहेरनं. बोटभर कुंकू, एक फूल. आत काय घालायचं न्हाय. ऐकलंस का?"

"व्हय मामा."

म्हणलं खरं. पण पुसून पासून ती उभी केली आन् मला कसंतरीच झालं. ही बाईच की. आठ खाटांच्या बायांचं समदं पोटात घेती. हिच्यामुळं माझे हात जागेवर आले, हिच्यामुळं माझं लेकरू माझ्यापाशी हाय. नुसतं कुंकू लावून मोकळं व्हायचं? माझी ओटी सातव्या महिन्यात शेजारणीनं भरली हुती, पदरात तांदूळ पडले तवा रडाय आलं हुतं मला. मी दार उघडलं आन् हिची ओटी भरली. तिला पदर कुटला, तर आतल्या पिंपातच खण ठेवला, त्यावर तांदूळ, नारळ, सुपारी, हळदीची पुडी, कुंकवाची पुडी. हात जोडले. दसऱ्याला मशीन बंदच हुतं. तिसऱ्या दिवशी सकाळी समदं काढून घेतलं. नारळ काढला, खण काढला, तांदूळ येचून येचून काढले. पुड्या आठवल्या न्हायत. वरनं हाक आली आन् मी चादरी कोंबल्या.

साबण लागला की हळद लाल व्हती, हे कुटल्या बाईला म्हाईत न्हाय? लग्नातल्या हळदीचं कापड रोज कुणीतरी धुतंयच. मला बी म्हाईत. पण लाल पाणी आन् लेकरू न्हाय, ह्या दोन गोष्टी एकदम दिसल्यावर तिसरी गोष्ट डोक्यात येत न्हाय.

नळी हुकातनं काढायची, चार-पाच मिनिटं थांबायचं. ते मात्र आठवलं मला. इसरले न्हवते. नळीला हात बी लावला. आन् मग वाटलं, पाच मिनिटं? त्या पाण्यात?

पाना काढला. पयला घाव निसटला, काचेला चरा बी न्हाय. दुसरा बसला, नुसता आवाज. तिसऱ्याला काच फुटली आन् उकळतं पाणी माझ्या पायांवर, पोटऱ्यांवर. चादरी ओढायले. एक, दोन, तीन, गुंतलेल्या, जड, तांबड्या. हात काचेनं फाटायले ते कळंना. शेवटची चादर काढून पिंपात खांद्यापर्यंत हात घातला, चारी बाजूनं फिरवला. गरम लोखंड. बाकी काय न्हाय.

"अगं बाई, काय झालं हितं? आन् ही पोरगी कुणाची?"

दारात वरच्या बाळंतिणीची आई उभी. कडेवर सुमी, हातात बिस्कीट. "रडायली हुती एकटी, म्हणून वर घेऊन गेले बाहेरच्या बाकावर. लई गोड हाय. नाव काय हिचं?"

मी सुमीला ओढून घेतली तर ती माझ्या हातांचं रक्त बघून ओरडाय लागली.

बाई आल्या. आधी माझे हात बांधले, पायांना मलम लावलं. मग मशीनकडं बघितलं, चादरींकडं बघितलं. "पाणी लाल कशानं झालं?" मी सुमीला घट्ट धरून उभी. मला तवा कळलं हुतं कशानं झालं ते. चादरीतनं कुंकवाच्या पुडीचा कागद गळून माझ्या पायाशी पडलेला, मी त्याच्यावर पाय ठेवला.

नरसय्यामामांना बोलावलं. ते फुटक्या काचेपुढं गुडघ्यावर बसले. मग रबराच्या घडीत बोट घातलं, फिरवलं, आन् तितनं चिंधी झालेली दुसरी पुडी काढली. हळद अजून चिकटलेली. मामांनी ती बघितली. मग माझ्याकडं बघितलं.

"काय निघालं?" बाई मागं उभ्या हुत्या, त्यांना मामांची पाठच दिसायली.

मामांनी मूठ मिटली. "गंज. पाइपातला गंज, बाई. माझी चूक. मी धुऊन बसवाय पायजे हुता."

हा माणूस. पाऊण इंचाचा बोल्ट तिरका बसला म्हणून दोन दिवस जेवला न्हवता.

"आणि दार उघडत नाही अशी कडी कुणी बसवली?"

"ती बी मीच."

"नरसय्या, आत लेकरू असतं तर?" बाईंनी सुमीकडं बघितलं. "बार्शीला तुमचं नाव कळवणार होते मी. आता कोणत्या तोंडानं कळवू?"

मामांनी हत्यारांची पिशवी उचलली आन् निघाले. मी फाटकापर्यंत मागं पळाले, लंगडत. "मामा, असं का म्हणलात? मी सांगते बाईंना."

"सांगून कुटं जाशील?" ते थांबले बी न्हायत. "मला घर हाय. जा आत."

आठ दिवसांनी येऊन त्यांनी काचेच्या जागी लोखंडी पत्रा बसवून दिला, कडी काढून टाकली, आन् मग ते आले न्हायत. मशीन चालतंय. मी आता आवाजावर चालवते, पाणी भरलं की पोटातनं घुमल्यासारखा येतो, पिळताना पत्रा वाजतो. दार लावायच्या आधी हात घालून चारी बाजूनं फिरवते, दर खेपेला. सुमी आता साडेतीन वर्सांची हाय, तिला शेजारी उभी करून घेते आन् मगच बटणाला हात लावते. हिवाळ्यात पोटरीची कातडी अजून ओढती. काच फोडली त्याचं मला काय वाटत न्हाय. उद्या बी फोडीन.

दुसऱ्याच गोष्टीचं वाटतंय.

त्या तांबड्या चादरी मी दोनदा खळबळल्या, तर तांबड्याच्या पिवळ्या झाल्या. गच्चीवर वाळत घातल्या. ऑक्टोबरचं सोलापूरचं ऊन. हळद उन्हात उडती, ते बी बायकांना म्हाईत असतंय. तिसऱ्या दिवशी चादरी पांढऱ्या शुभ्र व्हायला आलेल्या आन् मी त्या काढायला गेले, बांधलेल्या हातांनी, सुमी कडेवर. मागनं चपलांचा आवाज आला. बाई. त्या गच्चीवर कधी येत न्हायत.

त्यांनी एका चादरीचं टोक हातात धरलं. उन्हाकडं करून बघितलं.

"शांता, गंज उन्हात उडतो का गं?"

रागानं न्हाय. अगदी हळू. आन् मग माझ्या तोंडाकडं बघत उभ्या राहिल्या, घाई नसल्यावानी. खाली पेशंट बसलेले, तरी उभ्या. मला वाटतं त्या वाट बघत हुत्या. बार्शीचं पत्र तवर गेलेलं न्हवतं, जाऊ शकलं असतं. एक शब्द बोलायचा हुता. हळद. एवढाच. आन् कामात घोटाळा झाला तर ठेवून घेणार न्हाय, हे बी त्यांचंच वाक्य, मला ठेवून घेताना सांगितलेलं.

मी म्हणलं, "साबण लई घातला, बाई."

"बरं," म्हणल्या. टोक सोडून दिलं आन् खाली गेल्या.

बार्शीला पत्र गेलं न्हाय. मामा मला एकदा मंडईत दिसले, "पोरगी कशी हाय?" एवढं इचारलं, सुमीच्या गालाला बोट लावलं आन् गर्दीत गेले. हा अंक बाई घेत्यात, वाचत्यात, मला म्हाईत हाय, तरी लिहिलंय. पण आज लिहिणं निराळं, त्या दिवशी बोलणं निराळं.

म्हणून तुमाला इचारते. लेकरू कडेवर, हात बांधलेले, ज्या खोलीत निजायचं ती खोली खाली, आन् समोर बाई उभ्या, वाट बघायल्यात. तुमी असता तर काय म्हणला असता?